डाव्या हाताची लेस

सुनेने परवा पडद्यांना लावायला बाजारातून मीटरवर मिळणारी लेस आणली आणि मला म्हणाली, "आई, तुमच्या माहेरी हाताची लेस करायचे ना? मग तुम्ही कशा नाही शिकलात?" मी म्हटलं, "नाही बाई जमलं." हे सांगायची मला इतकी सवय झालीय की घटकाभर मलाही ते खरं वाटलं. खरं असं आहे की मला लेस येते. डोळे मिटून येते. पण येते ती माझी नाही, माझ्या बहिणीची. म्हणून लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या कामाचं नाव काढलेलं नाही. आता वय झालं, आई-बाबा गेले, कुणाला वाईट वाटायचं उरलं नाही, तर एकदा सांगून टाकते.

आम्ही तेव्हा नगरजवळ भिंगारला राहत होतो. छावणीत काम करणाऱ्यांच्या चाळीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणी. बाबा लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात फिटर होते. दुपारी माळाकडून रणगाड्यांच्या सरावाचे धडाके यायचे, फळीवरचे डबे थरथरायचे आणि आम्ही मान वर करूनही बघायचो नाही. आई नेवाशाकडच्या खेड्यातली. लहानपणी ती नगरला मिशनच्या बोर्डिंगात होती आणि तिथल्या एका मड्डमने मुलींना ही लेस शिकवली होती. आईची बोली काही मड्डमला बदलता आली नाही, पण हाताला वळण लागलं ते लागलंच. घरात आणि देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो) मिळून आमच्याकडे लेस नव्हती अशी जागा नव्हती. उशांच्या अभ्र्यांना, पाण्याच्या माठावरच्या झाकणाला, पाळकसाहेबांच्या टेबलावरच्या कापडाला, सगळीकडे. विकायचा कधी प्रश्न आला नाही. बायका दुपारी निवडणं-टिपणं करतात, तशी आमच्या घरात लेस व्हायची.

ही लेस सुईने होत नाही आणि हुकानेही होत नाही. करडईच्या भुशाने ठासून भरलेली लोडासारखी एक टणक उशी असते. तिच्यावर टोचून टोचून नक्षी काढलेला पुठ्ठा बसवायचा. दोऱ्यांची टोकं पेन्सिलीएवढ्या लाकडी फिरक्यांना गुंडाळलेली असतात, त्या उशीवरून पुढे लोंबत राहतात. आम्ही त्यांना काड्या म्हणायचो. बाबांनी शिसवाच्या तुकड्यांतून त्या घडवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या बुडाला एकेक काचेचा मणी लावला होता, म्हणजे काडी घरंगळत नाही. दोन जोड्या हातात घ्यायच्या, डावी उजवीवरून ओलांडायची, मग उजवी डावीवरून घेऊन पीळ द्यायचा, टाचणी खोचायची, ओढून घट्ट करायचं. बस, एवढंच. सगळी फुलं, पानं, जाळ्या या एवढ्यातूनच निघतात. काम चाललं की काड्या एकमेकींवर आपटतात आणि त्यांचा आवाज होतो. आईचा आवाज एकसारखा, घड्याळासारखा. माझा म्हणजे धांदल. आणि एस्तूताईचा सगळ्यांत वेगळा: टक, मग जरा थांबणं, मग टकटक.

एस्तेर माझी मोठी बहीण, घरात एस्तू. ती डावखुरी होती. आईने तिला समोर बसवून शिकवलं, तेव्हा आरशात बघून शिकावं तसं ती सगळं उलटं शिकली. ओलांडायचं उलटं, पीळही उलटा. आईच्या लक्षात आलं तेव्हा पोरीच्या हाताला गोडी लागली होती, मग आईनेही सोडून दिलं. परक्या माणसाला त्या लेसमध्ये काही फरक दिसत नसे. आम्हाला दिसायचा. दोऱ्याचा पीळ कुठल्या अंगाला पडलाय हे एकदा कळलं की ते न दिसणं अवघड. कोपरगावकडच्या शाळेतल्या मनोहर मास्तरांशी ताईचं लग्न ठरलं आणि तिने लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या पदराची लेस स्वतःच करायला घेतली. दोन बोटं रुंद, द्राक्षाच्या पानांची नक्षी. दिवसाला बोटभर काम व्हायचं. मी शेजारी बसून चवळी सोलत तिला चिडवायची की तुझे मास्तर म्हातारे होतील पण पदर काही पुरा व्हायचा नाही. ती म्हणायची, "होऊ देत. लेस तर चांगली होईल."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आदल्या वर्षीही पाऊस नव्हता. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातली लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. पाणी टँकरचं, आणि ते कुठून यायचं देव जाणे. ताईला ताप आला, टायफॉईड निघाला, आणि पदराचं पान अर्धं राहिलं असताना ती गेली. शेजारच्या हौसाबाईंनी तिला शेवटची आंघोळ घातली. त्या हिंदू शेतकरी घरातल्या, आम्ही ख्रिस्ती, पण त्या दिवशी हे सुचायला कुणाला वेळ होता. कबरस्तानात बाबा रडले, मला तर दोन बायकांनी धरलं होतं. आई रडली नाही. घरी आल्यावर तिने उशीवर एक स्वच्छ फडकं टाकलं आणि म्हणाली, "धूळ बसंल."

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. बाबा समोर बसायचे, घास हातात घ्यायचे, ती तोंड फिरवायची. पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली. हौसाबाईंनी हुलग्याचं पातळ माडगं करून आणलं, तेही तसंच. मला काही सुचेना तेव्हा मी एका दुपारी उशीवरचं फडकं काढलं आणि काम पुढे चालू केलं. आईला बरं वाटावं, एवढाच माझा हेतू. आवाज ऐकून ती आतून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तुझं हाय. उसव." तिचं बरोबर होतं. माझा पीळ उजवा, ताईचा डावा, जिथे एकाला दुसरा लागला तिथे जाळी वाकडी झाली होती. मी उसवलं. मग हात बदलले. आधी नुसता घोळ. चार दिवसांनी जमायला लागलं, आणि एकदा जमल्यावर मलाच नवल वाटावं इतक्या झरझर काड्या चालायला लागल्या. टक, थांबणं, टकटक. त्या संध्याकाळी आईने स्वतः ताट वाढून घेतलं आणि भाकरी कुस्करून खाल्ली. बाबा माझ्याकडे बघून नुसते हसले. मला वाटलं, जिंकलं.

मला "एस्तू" म्हणून पहिल्यांदा हाक मारली ती चुकून असेल. घरात असं होतंच, आया पोरांची नावं उलटीपालटी घेतात. मी "ओ" दिली. मग पुन्हा. मग रोज. मी बाबांना न्हाणीपाशी गाठून सांगितलं. ते म्हणाले, "दोन घास खातीय, झोप लागतीय तिला. चालतंय ते चालू दे शालू. नावानं काय होतंय?" माझा बाप भला माणूस होता. भल्या माणसांना वाटतं, सगळं आपोआप निवळतं. आईला वेड लागलं होतं असंही म्हणता यायचं नाही. भाजीवालीशी तिचा वाद तसाच चालायचा, रॉकेलच्या रांगेत तिला कुणी फसवू शकत नव्हतं. फक्त घरात आली की तिच्या लेखी एक मुलगी होती, आणि ती मी नव्हते. आमच्या स्टीलच्या ताटांवर प्रत्येकाचं नाव घातलेलं होतं. एके दिवशी माझ्यापुढे ताईचं ताट आलं. माझं शोधलं तर ते पत्र्याच्या ट्रंकेत, ताईच्या कपड्यांच्या जागी, जुन्या चादरीत बांधून ठेवलेलं. ताईचे कपडे वर दांडीवर, धुऊन, घड्या घालून. मी ट्रंक बंद केली आणि ताईच्या ताटात जेवले. भूक लागली होती, काय करणार.

हात मात्र माझं ऐकेनासा झाला. स्टोव्हची काडी मी डाव्या हाताने ओढायला लागले. वेणी डाव्या बाजूने सुरू करायची, कडी डाव्या हाताने लावायची. ठरवून नाही, आपोआप. बाबांनी एकदा मला काडी ओढताना बघितलं, त्यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

मग तो टँकरचा दिवस. टँकर उशिरा आला, भांडणं होऊन हंडा भरेपर्यंत दुपार कलती झाली. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. डोक्यावर हंडा घेऊन मी आमच्या ओळीत वळले आणि घरातून काड्यांचा आवाज ऐकला. टक. थांबणं. टकटक. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? भीती नाही. "ताई बसलीय" असं आलं, अगदी सहज, रोजचं असल्यासारखं. दोन पावलं गेल्यावर मग आठवलं की ताईला आपण पुरून आलोय. पडवीत पाय ठेवला, तर आई आतल्या उंबऱ्यापाशी सुपात मिलो निवडत बसली होती. ती हळूच म्हणाली, "हंडा आपटू नगंस. बसलीय ती."

"कोण, आई?"

"कोण म्हंजी? एस्तू." आणि तिने माझ्याकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, शेजारच्या पोरीकडे बघतात तसं. "तुला कुणी धाडलं गं?"

हंडा कसा उतरवला मला आठवत नाही. उशीपाशी कुणी नव्हतं. मणी मात्र हलत होते. आणि सकाळी मी अर्धं सोडलेलं पान पुरं झालेलं होतं, डाव्या पिळाचं, टाचण्या ओळीत. या गोष्टीवर मी पुढे आयुष्यभर विचार केलाय. आईने केलं म्हणावं, तर आईचा हात उजवा, तो तिला कधी बदलता आला नाही; म्हणजे मग ताईच येऊन बसली म्हणायचं. दुसरं मला असं वाटतं, आणि हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, की ते पान सकाळी मीच पुरं केलं असेल आणि मला त्याची आठवण नसेल. त्या दिवसांत माझ्या दिवसाचे काही तुकडे असेच हरवायचे. या दोन्हींतलं काय जास्त भयंकर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी हौसाबाईंकडे पळाले. त्या ऐकता ऐकता उठल्या, मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, तसं त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "पोरी, मेलेल्याच्या हातचं काम जित्यानं पुढं न्हेऊ न्हाई. आमच्यात अर्धी शिवल्याली वाकळ सुदीक मानसाबरुबर देत्यात. सोड ती उशी." मी म्हटलं, "सोडली तर आई जेवायची नाही."  त्या म्हणाल्या, "आन न्हाई सोडली तर तुझ्या आईला पोरगी कंची ऱ्हाईल?" 

पदर पुरा होत आला तसा आईने पाळकसाहेबांकरवी कोपरगावला निरोप धाडला, की लग्नाचं बोलायला या. मनोहर मास्तर एका रविवारी उपासनेनंतर आले. बरोबर किलोभर साखर, जी त्या काळात सोन्यासारखी. त्यांना वाटलं होतं की धाकटीला द्यायचा विचार आहे. आमच्याकडे ती रीत होती आणि ते तेवढं मनाशी तयार करून आले असावेत. साखरपुड्याच्या गर्दीत त्यांनी मला ओझरतं बघितलं होतं, एवढीच ओळख. सकाळीच आईने मला ताईची निळी साडी नेसवली होती, वेणी घातली होती. ती आत हाक मारून म्हणाली, "एस्तू, च्या आण." मास्तरांनी बाबांकडे बघितलं. बाबा खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होते. मी चहा आणला. मास्तर बिचारे सावरून घ्यायला बघत होते. त्यांनी कप घेतला आणि मायेने विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"एस्तेर," मी म्हणाले.

मी नाटक केलं नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं. मला दुसरं नाव आठवलंच नाही. त्यांनी विचारलं, मी तोंड उघडलं आणि जे होतं ते बाहेर आलं. मास्तरांनी कप बशीत न ठेवता जमिनीवर ठेवला. ते उठले, चपला घातल्या आणि पडवीत बाबांना म्हणाले, "बाबा, तुमच्या घरात मुलगी एक गेलीय का दोन?" एवढं बोलून ते चाळीच्या गेटाकडे चालते झाले. बाबा पडवीतच उभे राहिले. मग त्यांनी मला हाक मारली असावी. मागाहून त्यांनी सांगितलं की तीनदा मारली, "शालू, शालू," म्हणून, आणि मी त्यांच्यासमोर उभी असून बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी माझा खांदा धरून हलवला. बाबांचा चेहरा असा मी कबरस्तानातही बघितला नव्हता.

मी आत गेले आणि उशीपाशी बसले. आई स्वयंपाकघरात कपबश्या विसळत काहीतरी गुणगुणत होती, फार दिवसांनी. मी ठरवलं, आता माझ्या हाताने एक पान करायचं, माझ्या पिळाचं. वाकडं झालं तर होऊ दे. डावी उजवीवरून, उजवी डावीवरून. पाच वर्षांची असताना आलेली गोष्ट, आणि मला ती येईना. काड्या हातात घेतल्या की टक, थांबणं, टकटक. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. टक, थांबणं, टकटक. मग मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. आवाज थांबला नाही. खिडक्या उन्हासाठी बंद होत्या, वाऱ्याची झुळूक नव्हती, माळावर त्या दिवशी सराव नव्हता, रविवार होता. माझे हात मांडीवर होते आणि समोर काड्या एकमेकींना लागत होत्या.

मी टाचण्यांच्या डबीतली कात्री उचलली. डाव्या हाताने उचलली. दोऱ्यांचा जुडगा धरला आणि दाबली, तर दोरे पात्यांमध्ये नुसते दुमडले. पुन्हा दाबली, पुन्हा दुमडले. आणि तेव्हा मला ताई आठवली. आवाज नाही, पीळ नाही, ताई. तिला कात्री कधी चालवता आली नाही. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात कापत नाही, आणि उजव्या हातात तिला जोर नव्हता. लेसच्या शेवटी दोरा कापायची वेळ आली की ती मान वर न करता म्हणायची, "शाले, काप गं." दर वेळी. त्या सबंध कामात तेवढंच एक माझं होतं. मी कात्री उजव्या हातात घेतली आणि कापलं. कचाकच, एकामागून एक जुडगे. काड्या फरशीवर पडल्या, मणी उडाले.

आई धावत आली. ओले हात, पदर खोचलेला. तिने उशी बघितली, मला बघितलं आणि माझ्या थोबाडीत दिली. "शाले, काय केलंस हे? शाले, अवदसे, काय केलंस? शाले." ती मारत होती आणि प्रत्येक फटक्याबरोबर नाव घेत होती. मी हात आडवा घातला नाही. तिने आणखी मारलं असतं तरी मला चाललं असतं. माझं नाव मला इतकं गोड लागलं, की काय सांगू.

मग तिच्या हातातलं बळ सरलं. ती खाली बसली आणि काड्या ओटीत गोळा करायला लागली. एक काडी उचलून ती बघत राहिली. म्हणाली, "एस्तू गेली गं, शाले." आणि तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून हौसाबाई भिंतीपलीकडून पिठाच्या हाताने धावत आल्या. आई त्यांना म्हणाली, "हौसाबाई, माझी एस्तू गेली." ज्या बाईने कित्येक महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने ताईला आंघोळ घातली होती, तिने एका शब्दाने विचारलं नाही, की हे आज का सांगताय. त्या तशाच खाली बसल्या, आईला पोटाशी धरलं आणि बातमी नुकतीच कानावर आल्यासारख्या गळा काढून रडायला लागल्या. बाबा दारात येऊन बसले. मग मीही रडले. कबरस्तानातून आल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. कुणासाठी रडणार? ताई घरातच होती, तिच्या जागी मीच बसत होते. त्या दुपारी ती गेली, आणि मला माझ्या बहिणीसाठी रडायला मिळालं.